थोरल्याच्या मापाची सीट

माझं दुकान बजाजनगरात, मेन रोडपासून आत दुसऱ्या गल्लीत आहे. गाड्यांच्या सीटा आणि जीपची हूडं शिवायचं. नवीन गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्या मागं बघतं आणि विचारतं, मिस्त्री कुठं गेले. मी मशीनवरून न उठता सांगते, बोला, मीच. वीस वर्षांच्या वर झाली, अजून आठवड्यातून एकदा तरी हे होतंच.

काम मला वडिलांनी शिकवलं. त्यांचं दुकान शहरात, जुन्या भागात होतं, आणि ते स्वतः शिकले होते टांग्याच्या गाद्या भरणाऱ्या एका उस्तादाकडं. टांगे कमी झाले तसे ते मोटारींकडं वळले. त्यांनी केलेली पहिली मोटार एका जुन्या खानदानी घराची होती. आत बसलेल्या बायका दिसू नयेत म्हणून मागच्या काचांना पडदे हवे होते, आणि ड्रायव्हरशी बोलायला मधल्या पडद्यात वीतभर झडप. ती झडप शिवायला दोन दिवस लागले, असं ते सांगायचे. मग आल्या मिलिटरीच्या लिलावातल्या जीपा. गंगापूर, वैजापूर, पैठणकडचे बागायतदार त्या घ्यायचे, आणि महिन्याभरात एकाची जीप दुसऱ्यासारखी राहायची नाही. कुणी मागून लांबवून चौदा माणसं बसतील अशी करायचा, कुणी नवरदेवाला उभं राहायला पुढं दांडा बसवायचा, कुणाला लाल हूड हवं, कुणाला मखमलीच्या सीटा आणि त्यांना गोंडे.

पुढं वाळूजला कारखाने उभे राहिले. दिवसभर एकसारखे शेकडो पार्ट काढणारी माणसं शिफ्ट सुटली की आमच्या गल्लीत आपली एक गाडी वेगळी करत बसायला लागली. कुणाला वेल्डिंग यायचं, कुणाला पेंट. माझा नवरा त्यांतलाच, पेंटशॉपमधला. आठ तास एकच पांढरा रंग मारून आलेला माणूस स्वतःच्या स्कूटरला जांभळा का मारतो, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आता पोरं गाडीच्या पोटाखाली निळे दिवे लावतात, काचेवर विंचू चिकटवतात, चाकं इतकी रुंद करतात की गाडी वळताना घासते. लोक हसतात. मला हसू येत नाही. आपल्याकडं बघून, आपल्यासाठीच केलेली एक तरी वस्तू माणसाला हवी असते.

माझं नाव मात्र वेगळ्याच कामासाठी झालं. मी मापाची सीट करते. पाठीचं ऑपरेशन झालेली, अपघातात खुबा गेलेली, ठेंगणी, फार जाड, अशी माणसं माझ्याकडं येतात. एका उथळ लाकडी पेटीत मी ओली वाळू चोपून बसवते, वर प्लास्टिक पसरते आणि माणसाला त्यावर अर्धा तास बसवते. तो उठला की वाळूत त्याचा खळगा राहतो. त्या खळग्याचे आडवे-उभे छेद मी कागदावर उतरवून घेते आणि त्याप्रमाणं फोम कापते. ते कागद मी फेकत नाही. गाडीचा नंबर टाकून माळ्यावर ठेवते.

आठेक वर्षांपूर्वी एक मास्तर आले. गंगापूरच्या पुढं त्यांचं गाव, शाळा तिथूनच जवळ. घरचा ऊस होता. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. वडिलांची जीप एके काळी गंगापूर लाइनवर पॅसेंजर वाहायची, ती वडील गेल्यावर गोठ्यात उभी होती. मास्तरांना ती स्वतः चालवायची होती. वाळूजमधल्या एका फॅब्रिकेटरनं क्लचचं पायडल काढून गिअरशेजारी हातानं ओढायचा दांडा करून दिला होता. आरटीओचे कागदही झाले होते. राहिली होती सीट. साध्या सीटवर ते डावीकडं कलंडत होते आणि दहा किलोमीटरमध्ये कंबर धरत होती.

मी त्यांना वाळूवर बसवलं आणि हलू नका म्हणाले. ते इतके निश्चल बसले की मधेच मला श्वास बघावासा वाटला. उठले, वळले आणि खळग्याकडं बघत राहिले. उजवीकडं तो चांगला खोल होता, डावीकडं जेमतेम दबलेला.

"मी असा बसतो व्हय?" ते म्हणाले. "स्वतःला मागून कधी बघितलंच नव्हतं."

मी डावीकडं फोमचा चढ दिला, उजवीकडं खोली ठेवली, पाठीला एका बाजूनं टेकू दिला. कव्हर धुता यावं म्हणून मागं चेन लावली. सीट बसवल्यावर ते वर चढले, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले की आता गाडी माझ्या मापाची झाली, आता ही दुसऱ्या कुणाच्या कामाची नाय. खुशीत म्हणाले. मीही खूश झाले.

त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते यायचे. कव्हर धुऊन घ्यायचं, कुठं शिवण उसवली तर घालून घ्यायची. लग्न केलेलं नव्हतं. गावी आई आणि ते, दोघंच. येऊन बसले की आईबद्दल बोलायचे, तिचे डोळे जाताहेत म्हणायचे. त्यांची चाल मला पाठ झाली होती. उजवा पाय स्पष्ट पडायचा, मग जरा थांबून डावा जमिनीवरून सरकायचा. मशीन चालू असली तरी मला ते कळायचं, मान वर करावी लागायची नाही.

मग एक दसरा गेला आणि ते आले नाहीत. दुसरा दसराही तोंडावर आला.

एका दुपारी मी ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन ताणत होते. पाठ दाराकडं होती. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, मग पायरीवर पाय पडला, जरा थांबला, दुसरा सरकला. मी तशीच वाकलेली असताना म्हणाले, "सर, लई दिवसांनी आलात."

मी वळून बघितलं. दारात कंपनीच्या ड्रेसमधला एक अनोळखी, आडव्या बांध्याचा माणूस उभा होता. दोन्ही पाय सारखे, धडधाकट.

"सर माझे थोरले भाऊ," तो म्हणाला. "मागच्या वर्षी गेले."

मी त्याला बसायला स्टूल दिलं. पाणी दिलं.

त्यानं सांगितलं ते असं. थोरला शाळेतून आला, जेवला, पडला आणि तिसऱ्या प्रहरी उठलाच नाही. हृदय बंद पडलं. हा धाकटा, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बायको-मुलांसह इथंच बजाजनगरात राहणारा. भाऊ होता तोवर याचं गावी जाणं सणावारी, तेही जमलं तर. आई आता एकटी, तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो, पण ती गाव सोडून यायला तयार नाही. म्हणून पहिली शिफ्ट संपली की हा रोज जीप घेऊन गावी जातो. आईजवळ बसतो, मळ्यात चक्कर मारतो, दोघांचं जेवण झालं की परत येतो. मोटारसायकल का नाही, मी विचारलं. तो म्हणाला, जीप तिथं पडून राहिलेली आईला सहन होईना, इंजिनाचा आवाज आला की तिला बरं वाटतं.

चार महिन्यांत त्याचा डावा पाय ओढायला लागला. आधी बायकोच्या ध्यानात आलं, मग लाइनवरच्या माणसांच्या. एक्स-रे झाला, नसांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

"आणि आईला कळलं का?" मी विचारलं.

एका संध्याकाळी तो जीपमधून उतरून अंगणातून घराकडं चालला होता. आतून आईची हाक आली, आला का रे थोरल्या. त्यानं दारातून सांगितलं की आई, मी धाकटा. ती अशी रडली की जणू बातमी तिला आत्ताच कळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही.

"मग मी सांगायचं सोडून दिलं," तो म्हणाला. "आता मी व्हय म्हणतो."

मी विचारलं, ते लंगडणं तिच्यासाठी करता का.

"नाय. तेच सांगायला आलोय तुम्हाला. मी करत नाय. होतंय."

मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. निदान तसं मी स्वतःला सांगितलं. एका तिरक्या माणसासाठी केलेल्या जागेत सरळ माणूस रोज दीड तास बसत होता. डावी बाजू उचललेली, डाव्या पायाला काम नाही. कंबर वाकडी होणार, पाय ओढणारच. मी त्याला हे समजावलं आणि सीट सपाट करून देते म्हणाले. चार दिवस एसटीनं गावी जाईन म्हणाला आणि जीप माझ्याकडं ठेवून तो पायी घरी गेला. गल्लीच्या टोकापर्यंत मला त्याची चाल ऐकू येत होती.

सीट उघडण्याआधी मी गाडी चालवून बघते, ही माझी पद्धत. माणसाला कुठं टोचतं ते बसल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी जीप काढली आणि गंगापूर रोडला लागले. हाताचा क्लच मी आधी कधी वापरला नव्हता, पहिली दोन-तीन वळणं चाचपडत घेतली. मग हात आपोआप पडायला लागला. माझी डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. उजव्या बाजूला मात्र मी नीट आत बसले होते, कुणीतरी कंबरेला धरून बसवावं तशी. मान जरा उजवीकडं कलली होती, कारण आरसा तसाच लावलेला होता आणि तो हलवावा असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कंपनीच्या बसा, सगळं रोजचं. तरी मला सारखं वाटत होतं की आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय आणि तो माणूस येईपर्यंतच बसायचंय.

एका चहाच्या टपरीपाशी मी जीप कडेला घेतली. इंजिन बंद करते न करते तोच टपरीवाला कप घेऊन आला. माझ्याकडं न बघता त्यानं तो उजव्या मडगार्डवर ठेवला आणि म्हणाला, "सर, बिनसाखरेचा."

मी म्हणाले, मला साखरेचा चालेल. त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो कप उचलून घेऊन गेला आणि परत आलाच नाही. साखरेचा चहा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या हातानं पाठवला. नंतर मला कळलं की मास्तर गेलेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तो मातीलाही गेला होता. मग त्या दिवशी त्यानं कप का भरून आणला, हे त्यालाही सांगता आलं नाही. जीप थांबली, हात चालला, एवढंच म्हणाला.

घरी आले तेव्हा नवरा सेकंड शिफ्टला निघत होता. फाटकापासून दारापर्यंत मी आले आणि तो बूट घालता घालता थांबला.

"पायाला काय लागलं?" त्यानं विचारलं.

मी खाली बघितलं. अंगणातल्या धुळीत माझ्या उजव्या चपलेचे ठसे नीट उठले होते. डाव्या बाजूला नुसती ओढल्याची रेघ होती.

नवऱ्यानं मला खुर्चीत बसवलं, डावी पोटरी चोळून दिली आणि म्हणाला की ती सीट बाहेर काढ, आजच काढ, आणि पुन्हा तिच्यावर बसू नको. तो असं हुकूम करणारा माणूस नाही. तासाभरात माझा पाय नीट झाला. दुपारी मी दुकानात जाऊन सीट सोडवली, टेबलावर पालथी घातली आणि मागची चेन उघडली.

आत माझा फोम होता, पण त्यावर दुसरंही काही होतं. डाव्या बाजूला सुती कापडाच्या घड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, बारीक फुलांचं. प्रत्येक घडी मोठ्या, आडव्यातिडव्या टाक्यांनी खालच्या घडीला धरलेली. मी मोजल्या, अकरा भरल्या. त्या उचलल्यावर खालचा फोम दिसला तो दबलेला, पसरलेला, जड माणूस वर्षभर बसला की होतो तसा. म्हणजे फोम आपल्या गतीनं सपाट होत होता, आणि तो जेवढा दबेल तेवढं कुणीतरी वरून भरत होतं.

घड्या मी पुन्हा जागच्या जागी ठेवल्या आणि माळ्यावरून मास्तरांचा कागद काढून आणला. छेद सीटवर उभा धरला. कागदाची कड आणि कापडाची कड कुठंही सुटली नाही. मी वाळू, पट्टी आणि पेन्सील घेऊन जे करते, ते कुणीतरी नुसत्या बोटांनी केलं होतं, आणि माझ्याहून सुबक.

पहिला संशय मला धाकट्याचाच आला. स्वतःच करून वर विचारायला आलाय, असं वाटून मी त्याला बोलावून घेतलं. तो शिफ्ट सुटल्यावर तसाच आला. मी सीट दाखवली. त्यानं वरची घडी हातात घेतली, उलगडली, नाकाशी नेली आणि खाली बसला.

"हे आईचं पातळ आहे," तो म्हणाला. मग घडी परत घालत, "तिला दिसत नाय."

रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. सीट तशीच घड्यांसकट परत बसवली होती. चालवत तो होता, मी शेजारी. घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण, अंगणात निंब. आई ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बारीक अंगाची म्हातारी, पण हात मोठे, बोटं लांब. मी एकटीच पुढं गेले आणि तिच्याजवळ बसले. सांगितलं की मी बजाजनगरची, सीट शिवणारी.

"तुम्ही व्हय त्या," ती म्हणाली. "तो सांगायचा लई. वाळूवर बसवलं म्हणाला."

मी घड्यांचं विचारलं. लपवायचं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. शेंगा फोडत फोडतच ती सांगत गेली. थोरला गेल्यावर महिन्याभरानं, दुपारच्या वेळी, ती चाचपत जीपपाशी गेली आणि सीटवर हात ठेवला. उन्हानं सीट गरम झालेली होती.

"मला वाटलं, आत्ताच उठून गेला," ती म्हणाली. "खड्डा तसाच होता त्याचा. हात घातला की त्यालाच लागायचा."

मग जीप पुन्हा चालू झाली, आणि खड्डा बदलायला लागला. रोज थोडा. डावीकडून खाली जायचा. कुणीतरी दुसरं त्यात बसतंय आणि त्याची जागा बुजवतंय, हे तिच्या हाताला कळत होतं. कोण, ते कळत नव्हतं. म्हणून तिनं एक जुनं पातळ फाडलं. संध्याकाळी गाडी येऊन उभी राहिली आणि आलेला माणूस मळ्यात पाणी बघायला गेला की ती उठायची, चेन उघडायची, जिथं कमी पडलंय तिथं घडी घालून टाके मारायची. हात फिरवून बघायची. जुळलं की चेन लावायची.

"आणि तो आला मग," ती म्हणाली. "तीन-चार महिने लागले असतील. एक दिस अंगणात पाय वाजला."

मी विचारलं, "मावशी, आता गाडीतून रोज येतो तो कोण आहे?"

"थोरला. पाय ऐकते ना मी."

"आणि धाकटा?"

"धाकटा कंपनीत असतो," ती शांतपणानं म्हणाली. "तो कुठं येतो."

मी जीपकडं बघितलं. धाकटा बॉनेटला टेकून उभा होता. अंतर फार नव्हतं, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो सरळ झाला आणि आमच्याकडं यायला निघाला. मला दिसत होतं की तो दोन्ही पाय नीट टाकायचा प्रयत्न करतोय, दात आवळून, एकेक पाऊल ठरवून. तरी उजवा पडला, जरा थांबला आणि डावा धुळीतून सरकत आला. म्हातारीचा चेहरा त्या आवाजाकडं वळला आणि उजळला.

"बघा," ती मला म्हणाली, "आला."

परतीच्या वाटेवर गंगापूर लागलं. तिथं त्यानं जीप बाजूला घेतली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला की सपाट करा, आणि तो दांडाही काढून टाकायला सांगतो. मी बरं म्हणाले. मग तो म्हणाला, मी रोज जात होतो तिच्याकडं, वर्षभर, एक दिवस चुकवला नाही.

फॅब्रिकेटरनं क्लचचं पायडल परत बसवलं. मी साधी सीट करून दिली. जुना फोम आणि त्यावरच्या घड्या मी एका चादरीत बांधून धाकट्याला दिल्या, दुकानात ठेवायची माझी इच्छा नव्हती. त्यानं ते गाठोडं गावी नेऊन आईच्या खाटेशेजारी ठेवलं. दोनेक महिन्यांत त्याची चाल सरळ झाली. तो मधून मधून दुकानावरून जायचा तेव्हा मला कळायचंच नाही की कोण गेलं.

आईचं मात्र अवघड गेलं. अंगणात पाय वाजला की ती विचारायची, कोण हाय. तो सांगायचा, मी, धाकटा. ती म्हणायची, बस. मग थोरल्याचं विचारायची आणि तो दर वेळी खरं सांगायचा. पहिले काही दिवस ती रडली. नंतर रडणं थांबलं, विचारणं थांबलं. एकदा म्हणे ती स्वतःहून म्हणाली की तू रोज येतोस व्हय. तेवढ्या एका वाक्यासाठी तो बजाजनगरात पोचल्यावर आधी माझ्या दुकानात आला आणि मग घरी गेला.

मग पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता तो पुन्हा आला, जरा ओशाळा. आईनं निरोप दिला होता. थोरल्याला केली तशी धाकट्यालाही एक सीट करून दे म्हणून त्या बाईला सांग, असा. मला ते ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी दुसरा काही विचारच केला नाही. पेटी काढली, वाळू भिजवली, चोपली, प्लास्टिक घातलं. तो अर्धा तास बसला आणि मुलीच्या बारावीबद्दल बोलत राहिला. उठल्यावर आम्ही दोघांनी खळगा बघितला. रुंद, जड माणसाचा खळगा. डावीकडं किंचित उथळ, बोटाच्या पेराएवढा. चाल सरळ झालेली असूनही तेवढं राहिलं होतं.

मी विचारलं, सारखं करून घेऊ का. तो म्हणाला, आहे तसं करा.

मी आहे तसं केलं. कागदावर नंबर टाकला. नंबर तोच होता, म्हणून खाली ‘धाकटे’ असं लिहिलं.

चार-पाच आठवड्यांनी तो आला तो आत आला नाही, दारातच उभा राहिला. मी विचारलं, सीट टोचते का. नाय म्हणाला, सीट चांगली आहे. आईला दाखवली, त्याचं सांगायला आलो होतो. सीट जरा मुरल्यावर, खळगा बसल्यावर, त्यानं एका दुपारी आईला हात धरून जीपपाशी नेलं होतं. ती वाकली, दोन्ही हात सीटवर ठेवले आणि सावकाश फिरवले, कडेपासून मधोमध, मग डावीकडं, जिथं बोटभर चढ होता तिथं परत परत. बराच वेळ लागला. मग म्हणाली, हा धाकटाच.

तो हसला असेल, कारण सांगतानाही त्याच्या तोंडावर ते हसू अर्धवट आलं होतं. पण म्हातारीनं हात काढले नव्हते. हात खळग्यात तसेच ठेवून तिनं मान वर केली आणि विचारलं, "हा बी गेला का?"

"मी शेजारीच उभा होतो," तो मला म्हणाला. "तिच्या खांद्याला खांदा लागत होता माझा. मी म्हणलं, आई, मी हितंच हाय. तर ती म्हणाली, कधी गेला?"

मी त्याला आत ये म्हणाले, चहा सांगते म्हणाले. तो नको म्हणाला, गावी जायची वेळ झाली होती.

आता तो जीपमधून उतरला की आधी काही बोलत नाही. ओट्यावर जातो, आईचा हात उचलतो आणि आपल्या तोंडावर ठेवतो. ती कपाळ चाचपते, नाक, मिशी, हनुवटी. मग तो सांगतो की मी आहे. कधी ती लगेच बस म्हणते. कधी, तो सांगतो, तिचा हात बराच वेळ तसाच राहतो आणि ती काही म्हणतच नाही.